पॅक्स्टनचे पाषाणमंदिर

नाताळचा सण आला की ख्रिस्ती बांधवांच्या मंदिरांतून दीप उजळतात, घंटा निनादतात आणि बालयेशूच्या जन्माची गीते गायिली जातात. परंतु याच धर्मात असा एक निष्ठावंत संप्रदाय होऊन गेला, की ज्याने दीर्घकाळ नाताळ हा सण मानलाच नाही. धर्मग्रंथात ज्या सणाची आज्ञा नाही तो सण मनुष्याने निर्माण केलेला, सबब तो पाळू नये, असा त्यांचा करारी सिद्धांत होता. स्कॉटलंड हे या संप्रदायाचे माहेरघर. तेथे नाताळच्या दिवसाला सार्वजनिक सुट्टी लाभली ती थेट १९५८ साली, यावरून या सिद्धांताची मुळे किती खोल गेली होती हे ध्यानात येईल. या संप्रदायाचे नाव प्रेस्बिटेरियन. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात, हॅरिसबर्ग नगराला लागून, या पंथाचे पॅक्स्टन नावाचे एक जुने दगडी प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. त्याचा वृत्तांत सणाच्या या पानावर सादर करण्याचे प्रयोजन एवढेच, की देवाचे घर बांधणाऱ्या माणसांची कसोटी कोठे लागते, हे या मंदिराच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसते.

प्रथम या नावाचा अर्थ पाहू. ‘प्रेस्बुतेरोस’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ वडीलधारा, ज्येष्ठ असा आहे. आपल्या संस्कृतातील ‘स्थविर’ हा शब्द अर्थाने त्याच्या अगदी निकटचा. इंग्रजीत या पदाला ‘एल्डर’ म्हणतात. या पंथात बिशप म्हणजे धर्माधिपती नाही. प्रत्येक मंडळीने आपल्यातून निवडलेले ज्येष्ठ आणि धर्मोपदेशक मिळून मंडळीचा कारभार पाहतात, अशा अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी होते, आणि तिच्यावर सिनॉड असते. राजाने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यापुढे मान तुकवायची नाही, हा या व्यवस्थेचा गाभा होय. साहजिकच राजसत्तेचा आणि या पंथाचा कलह पाचवीला पुजलेला होता.

सतराव्या शतकाच्या आरंभी, १६०९ च्या सुमारास, पहिल्या जेम्स राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात स्कॉटिश आणि इंग्लिश लोकांची वसाहत करण्याचे योजिले. मूळच्या आयरिश लोकांकडून हिरावलेल्या जमिनीवर हे नवे कुणबी आणून बसविण्यात आले. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातून आलेल्या या लोकांनी आपला पंथ बरोबर आणिला, आणि १६४२ मध्ये कॅरिकफर्गस येथे आयर्लंडातील पहिली प्रेस्बिटरी स्थापन झाली. शेती, मेंढपाळी आणि तागाचे वस्त्र विणणे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. परंतु दैव असे, की ज्या राज्याने त्यांना तेथे वसविले त्याच राज्याने पुढे त्यांना परके लेखले. १६९९ च्या कायद्याने आयर्लंडातील लोकरी कापडाच्या निर्यातीची मुस्कटदाबी झाली. १७०४ च्या निर्बंधाने प्रेस्बिटेरियनांना सार्वजनिक अधिकारपदे बंद झाली, आणि त्यांच्या धर्मोपदेशकांनी लावलेल्या विवाहांच्या वैधतेवरही आक्षेप येऊ लागले. अशातच जमिनीचे जुने पट्टे संपले, जमीनदारांनी खंड भरमसाट वाढविले, आणि पावसाने पाठ फिरविली. तेव्हा १७१७-१८ पासून या लोकांचे तांडेच्या तांडे गलबतांत बसून अमेरिकेची वाट चालू लागले. १७७५ पर्यंत किती लोक गेले असावेत याविषयी इतिहासकारांचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत आहेत. अमेरिकेत या लोकांना स्कॉच-आयरिश हे नाव पडले.

त्यांतील बहुसंख्य लोक पेनसिल्व्हेनियात उतरले. हा प्रांत विल्यम पेन या क्वेकर पंथीय सत्पुरुषाने १६८१ च्या सनदेने स्थापिलेला. शस्त्र धरावयाचे नाही, कोणाच्या धर्मावर बंधन घालावयाचे नाही, आणि तेथील मूळ रहिवाशांशी करार करून सलोख्याने राहावयाचे, हे त्याचे धोरण होते. पेनच्या पश्चात कारभार पाहणारा जेम्स लोगन हा स्वतः अल्स्टरात जन्मलेला. १७२० च्या सुमारास त्याने या धाडसी लोकांना सस्क्वेहाना नदीच्या बाजूस जागा दिली. सरहद्दीवर हे कणखर लोक असले तर परचक्रापासून आतील वस्तीचे आपोआप रक्षण होईल, असा त्याचा हिशेब होता. मायदेशाची आठवण म्हणून नव्या वस्त्यांना डोनेगल, डेरी अशी नावे मिळाली. पॅक्स्टन हे नाव मात्र त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले. ज्यांची भूमी त्यांचाच शब्द मंदिराच्या नावात राहिला, ही गोष्ट पुढील कथा वाचताना वाचकांनी मनात ठेवावी.

१७३२ साली डोनेगल प्रेस्बिटरी स्थापन झाली आणि त्याच वर्षी पॅक्स्टनच्या मंडळीला रेव्हरंड विल्यम बर्ट्रम हे धर्मोपदेशक लाभले. आरंभीचे मंदिर म्हणजे ओंडक्यांची एक साधी वास्तू होती. १७३८ मध्ये रेव्हरंड जॉन एल्डर यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १७४० मध्ये आजचे दगडी मंदिर उभे राहिले. आसपासच्या रानातला खडबडीत दगड, साधा आयताकार घाट, जाड भिंती. मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काचेचा सोस नाही. पेनसिल्व्हेनियात अखंड वापरात राहिलेल्या सर्वांत जुन्या प्रेस्बिटेरियन वास्तूंत याची गणना होते. जंगल तोडून पहिले पीक पदरात पडते न पडते तोच ज्यांनी देवासाठी दगडाचे घर बांधले, त्यांची श्रद्धा लेचीपेची नव्हती.

त्या काळी या पंथाची उपासना कशी चाले, हे आमच्या भाविक वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. वाद्य नसे. बायबलातील स्तोत्रांचे छंदोबद्ध रूपांतर तेवढे गायिले जाई. पुस्तके थोडी आणि अक्षरओळख त्याहून थोडी, म्हणून एक अग्रगायक ओळ म्हणे आणि सर्व मंडळी तीच ओळ त्याच्यामागून गाई. कीर्तनकाराने चरण द्यावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तशातलाच हा प्रकार. प्रवचन चांगले दीर्घ असे. एक सकाळी, मग शिदोरी सोडून भोजन, आणि पुन्हा दुसरे. रविवारी शेतात नांगर चालत नसे.

सण न मानणाऱ्या या लोकांचाही एक महोत्सव होता, तो म्हणजे प्रभुभोजनाचा. वर्षातून एक-दोनदाच तो होई, पण एकदा आला की चार-पाच दिवस चाले. गुरुवारी उपवास, शनिवारी चित्तशुद्धीचे प्रवचन, रविवारी लांबलचक मेजांभोवती बसून भाकरी व द्राक्षारसाचे ग्रहण, आणि सोमवारी कृतज्ञतेची उपासना. कोसकोसांवरून कुटुंबे येऊन उतरत. या मेजाशी बसण्याचा अधिकार सर्वांना नसे. तत्पूर्वी मंडळीतील ज्येष्ठ घरोघर विचारपूस करीत. कोणी शेजाऱ्याशी भांडला आहे काय, कोणी वजनमापात लबाडी केली आहे काय, कोणी मद्याने धुंद झाला होता काय, हे पाहून जो योग्य ठरेल त्यालाच शिशाचा एक छोटा बिल्ला दिला जाई. बिल्ला दाखवील तोच पंक्तीस बसे. हात स्वच्छ असल्यावाचून देवाच्या पंक्तीला बसू नये, ही त्यामागची भावना. पुढे जे घडले त्याच्या पार्श्वभूमीवर हा शिशाचा बिल्ला पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतो.

आता रेव्हरंड जॉन एल्डर यांचे थोडे चरित्र सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १७०६ चा, एडिंबरोचा, आणि विद्याभ्यासही तेथलाच. आडनावही ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, असे पदाला साजेसे. १७४१ मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांत मोठी फूट पडली. भावनेच्या उमाळ्याने होणारे हृदयपरिवर्तन हेच खरे, असे म्हणणारा नवा पक्ष, आणि शिस्त, विद्वत्ता व परंपरा यांना धरून राहणारा जुना पक्ष. एल्डर जुन्या पक्षाचे. पॅक्स्टनमधील काही मंडळी वेगळी झाली. वरिष्ठ पातळीवर समेट झाला तो १७५८ मध्ये. या सर्व ओढाताणीत एल्डर आपल्या जागी दगडासारखे स्थिर राहिले.

परंतु खरे संकट बाहेरून आले. १७५५ च्या जुलै महिन्यात जनरल ब्रॅडॉकच्या इंग्रज सैन्याचा फ्रेंच व त्यांचे साथीदार असलेल्या मूळ अमेरिकी जमाती यांनी धुव्वा उडविला, आणि पेनसिल्व्हेनियाची सरहद्द उघडी पडली. घरे जळू लागली, शेतात राबणारी माणसे मारली जाऊ लागली, बायकामुले पळविली जाऊ लागली. फिलाडेल्फियातील विधिमंडळावर शस्त्रविरोधी क्वेकरांचे वर्चस्व, आणि सरहद्दीवरील परगण्यांचे प्रतिनिधी मात्र मूठभर. रक्षणासाठी केलेल्या विनवण्यांना उत्तर येई ते उशिरा आणि तुटपुंजे. तेव्हा एल्डर यांनी स्वतःच तुकडी उभारली. मंडळीतील पुरुष बंदुका घेऊन मंदिरात येत आणि व्यासपीठावर धर्मोपदेशकाच्या हाताशीही बंदूक टेकवलेली असे, अशी तेथील परंपरागत आख्यायिका आहे. पुढे १७६३ मध्ये, पाँटियाक या सरदाराच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावात, या धर्मोपदेशकाकडे सरहद्द-रक्षकांचे कर्नलपद आले. येथवर त्यांना कोण दोष देईल? घर राखणे हा गृहस्थाचा धर्मच आहे.

पॅक्स्टनपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, लँकेस्टर नगराजवळ, कोनेस्टोगा जमातीची एक लहानशी वस्ती होती. एकेकाळी प्रबळ असलेल्या सस्क्वेहानॉक लोकांचे हे अवशेष. स्त्रिया, वृद्ध आणि मुले धरून जेमतेम वीस माणसे उरली होती. १७०१ मध्ये विल्यम पेनने त्यांच्याशी सख्याचा करार केला होता. टोपल्या, केरसुण्या आणि लाकडी भांडी करून ती आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांना विकायची, हा त्यांचा उदीम. मात्र शत्रूच्या हेरांना हे लोक आसरा देतात, असा संशय सरहद्दीवर पसरला. संशयाला पुरावा लागत नाही, आणि भयाने पछाडलेल्या मनाला शत्रू आणि शेजारी यांत भेद दिसत नाही.

१७६३ च्या डिसेंबरची १४ तारीख. पॅक्स्टन आणि आसपासच्या वस्त्यांतील पन्नासांहून अधिक घोडेस्वार पहाटे त्या वस्तीवर चालून गेले. बहुतेक रहिवासी विक्रीसाठी बाहेर गेले होते. घरी सहा जण सापडले. सहाही मारले गेले आणि झोपड्यांना आग लावण्यात आली. मृतांत शीहेझ नावाचा एक अतिवृद्ध पुरुष होता. पेनबरोबरच्या त्या कराराच्या वेळी हा उपस्थित होता, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहून ठेविले आहे. वस्तीतील चीजवस्तूंची शेरीफने जी मोजदाद केली, तीत त्या १७०१ च्या कराराचा लेख आढळला. ज्या कागदावर अभयवचन होते तो कागद राहिला, आणि ज्यांना ते दिले होते ती माणसे गेली.

उरलेल्या चौदा जणांना अधिकाऱ्यांनी रक्षणासाठी लँकेस्टरच्या बंदिगृहात आणून ठेविले. गव्हर्नर जॉन पेन यांनी मारेकऱ्यांच्या विरुद्ध जाहीरनामा काढला. परंतु २७ डिसेंबर रोजी ते घोडेस्वार भर दिवसा नगरात शिरले, बंदिगृहाचे दार फोडले, आणि त्या चौदाही जणांना, त्यांतील लहान मुलांसुद्धा, ठार केले. नाताळ होऊन दोनच दिवस लोटले होते. नाताळ न मानणाऱ्यांनाही रविवार होता, स्तोत्रे होती, उपवास होता, बिल्ला होता. यांतले काहीही त्या दिवशी त्या हातांना आवरू शकले नाही.

हे लोक पॅक्स्टनसह डोनेगल, हॅनोव्हर अशा अनेक वस्त्यांतील होते, म्हणून सारे पाप एकाच मंडळीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि इतिहासाने त्यांना ‘पॅक्स्टन बॉइज’ हेच नाव दिले आणि ते मंदिराच्या नावाला कायमचे चिकटले. एल्डर यांनी काय केले? पहिल्या हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी त्यांनी गव्हर्नरांना पत्र पाठविले. आपण या लोकांना परावृत्त करण्याचा यत्न केला, परंतु व्यर्थ, असा त्याचा आशय होता. ते घोड्यावरून जमावाला आडवे गेले, आणि वाट न सोडल्यास त्यांचा घोडा मारण्याची धमकी मिळाली, तेव्हा त्यांनी वाट सोडली, असेही सांगतात. त्यांच्याकडील सैनिकी अधिकार काढून घेण्यात आला. पंचवीस वर्षे ज्यांना त्यांनी देवाचा शब्द शिकविला, त्यांनी ऐन वेळी त्यांचे ऐकले नाही. बंदुकीला व्यासपीठाशेजारी एकदा जागा दिली, की पुढे कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न त्या वृद्ध धर्मोपदेशकाला पडला असेल काय?

१७६४ च्या फेब्रुवारीत या सरहद्दवासीयांचा कित्येक शेकडा लोकांचा जमाव थेट फिलाडेल्फियावर चालून गेला. ख्रिस्ती झालेले सुमारे १४० मूळ रहिवासी तेथील बराकीत आश्रयाला होते, त्यांच्यावर रोख होता. फ्रँकलिनप्रभृतींनी जर्मनटाउन येथे त्यांना सामोरे जाऊन बोलणी केली आणि जमाव माघारी वळला. मॅथ्यू स्मिथ आणि जेम्स गिब्सन या दोघांनी लोकांच्या वतीने गाऱ्हाण्यांचा लेख सादर केला. सरहद्दीच्या परगण्यांना विधिमंडळात पुरेसे प्रतिनिधित्व नाही, हे त्यांतील प्रमुख गाऱ्हाणे, आणि ते अक्षरशः खरे होते. अन्यायाची तक्रार खरी असू शकते आणि ती करणाऱ्याचे हात तरीही रक्ताने माखलेले असू शकतात, हे या प्रकरणातले सर्वांत अवघड सत्य आहे. फ्रँकलिन यांनी या हत्याकांडावर जळजळीत पुस्तिका लिहून मृतांची नावे आणि स्वभाव लोकांपुढे मांडले. तरीही वीस निरपराधांच्या हत्येबद्दल एकाही माणसावर खटला चालला नाही.

या अंधारात एक पणती मात्र तेवत होती. त्या जमातीतील मायकेल आणि मेरी हे जोडपे लँकेस्टर परगण्यातच एका मेनोनाइट शेतकऱ्याच्या शेतावर राहत असे. त्याने त्यांना अंतर दिले नाही. हे दोघे बचावले. मेनोनाइट हाही निःशस्त्र राहणारा पंथ. या शेतकऱ्याने कोणते मोठे मंदिर बांधल्याची नोंद नाही, परंतु आपल्या दारी असलेल्याला त्याने दाराबाहेर लोटले नाही.

पुढे काळ बदलला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हे स्कॉच-आयरिश लोक मोठ्या हिरिरीने लढले. सत्तरी गाठलेल्या एल्डर यांनी व्यासपीठावरूनच सैन्यभरतीचे आवाहन केले, असे सांगतात. १७९१ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, त्यांनी याच मंदिरात सेवा केली, आणि १७९२ मध्ये देह ठेविला. मंदिराशेजारील स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. हॅरिसबर्ग नगर वसविणारे धाकटे जॉन हॅरिस तेथेच विसावले आहेत, आणि त्यांचे जामात विल्यम मॅक्ले हेही. मॅक्ले हे पेनसिल्व्हेनियाने १७८९ मध्ये अमेरिकन सिनेटवर पाठविलेल्या पहिल्या दोघांपैकी एक, आणि त्या सभागृहाच्या आरंभीच्या कामकाजाची त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. कोनेस्टोगांचा अंत जेथे झाला त्या लँकेस्टरच्या बंदिगृहाच्या जागी १८५२ मध्ये सभागृह उभे राहिले, आणि पुढे त्याचेच नाट्यगृह झाले.

या संप्रदायाशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. मुंबईत १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय गिरगाव चौपाटीसमोर आहे, ते स्कॉटलंडच्या याच परंपरेतले. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी जे रुग्णालय उभारले, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. तेथे जातीपातीचा व धर्माचा भेद न करता लक्षावधी रुग्णांवर उपचार झाले, हे दक्षिण महाराष्ट्रातील कोणत्याही घरी सांगता येईल. एकाच पंथाच्या इतिहासात लँकेस्टरचे बंदिगृह आहे आणि मिरजेचे रुग्णालयही आहे. म्हणून पंथाच्या नावावरून माणसाची पारख करता येत नाही. ती त्याच्या दारी दुर्बळ आला असता तो काय करतो, यावरूनच करावी लागते.

पॅक्स्टनच्या कथेतून आपण घ्यावयाचा बोध परक्यांच्या दोषांचा नव्हे. ज्यांनी छळ सोसला ते दुसऱ्याचा छळ करणार नाहीत, असे आपण सहज धरून चालतो. अल्स्टरात ज्यांचे विवाह नाकारले गेले, ज्यांची शेते गेली, ज्यांना सभेत जागा नव्हती, त्यांच्याच नातवंडांनी आपल्याहून दुबळ्यांची शेवटची वीस माणसे संपविली. आपल्यावरील अन्यायाची आठवण माणसाला दयाळू करू शकते, तशीच क्रूरही करू शकते, आणि यांतले काय होईल हे उपासनेच्या वेळी नव्हे, तर भयाच्या वेळी ठरते. सणावारी आपण देवापुढे हात जोडतो. ते हात मंदिराबाहेर, संशयाच्या आणि संतापाच्या दिवशीही आवरलेले राहोत, एवढे मागणे प्रत्येक धर्माच्या भाविकाने आपापल्या देवापाशी मागावे.